टोकियो डिस्ने रिसॉर्टला पहिल्यांदा जाताना: घरून काय ठरवून निघायचं आणि तिथे दिवस कसा काढायचा

जपानला येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात फुजी आणि क्योटोच्या जोडीला एक दिवस ‘डिस्ने’ असा हमखास लिहिलेला असतो. क्योटोत उशिरा पोचलात तर एखादं देऊळ कमी बघून होतं. डिस्नेला काहीच न ठरवता गेलात, तर माणशी आठ-दहा हजार येनचं तिकीट काढून दिवसभर रांगेत उभं राहायची वेळ येते. आम्ही राहतो त्या टोकियोतल्या निशी-कासाईतून रिसॉर्ट अगदी जवळ आहे. त्यामुळे भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न आमच्याकडे सतत असतात: तिकीट कधी काढू, कोणतं पार्क, आईला झेपेल का, शाकाहारी काय मिळेल? त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते. इथे सगळं बघून होत नाही, दोन दिवसांतही नाही. दिवस चांगला जातो तो घरी बसून घेतलेल्या तीन निर्णयांमुळे: कोणती तारीख, कोणतं पार्क आणि घरातल्या प्रत्येकाची एकेक आवडीची गोष्ट कोणती. हे तीन पक्के असतील तर बाकीचं तिथे गेल्यावर निभावतं.

आधी जागेची ओळख

नावात टोकियो असलं तरी रिसॉर्ट टोकियोत नाही. ते शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासु शहरात, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आहे. इथे दोन स्वतंत्र पार्कं आहेत. टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ रोजी उघडलं; अमेरिकेबाहेरचं ते पहिलं डिस्ने पार्क. त्याच्या शेजारी ४ सप्टेंबर २००१ रोजी टोकियो डिस्नेसी उघडलं. दोन्ही ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी डिस्नेकडून परवाना घेऊन चालवते. अमेरिकेतल्या किंवा हाँगकाँगच्या डिस्नेला जाऊन आलेल्यांनी तिथले नियम इथे गृहीत धरू नयेत. तिकिटं, पास, ॲप सगळं इथलं वेगळं आहे.

दोन्ही पार्कांना आणि हॉटेलांना जोडणारी मोनोरेल आहे, डिस्ने रिसॉर्ट लाइन. तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, मुलं तिथूनच खूश होतात. ती फुकट नाही, वेगळं तिकीट लागतं. सुइका हे रेल्वेचं प्रीपेड कार्ड चालतं. ती एकाच दिशेने फिरते, त्यामुळे चुकून एक स्टेशन पुढे गेलात तर पूर्ण फेरी मारूनच परत यावं लागतं.

तारीख ठरवताना आपलं नाही, जपानचं कॅलेंडर बघा

आपल्याकडच्या शाळांना सुट्टी लागते मे महिन्यात, आणि जपानचा ‘गोल्डन वीक’ येतो एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्या दिवसांत अख्खा देश सुट्टीवर असतो. तुमची रजा पुढेमागे होत असेल तर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या. गर्दी उतरलेली असते, हवा छान असते, पावसाळा अजून सुरू व्हायचा असतो. मराठी कुटुंबांसाठी वर्षातला हाच काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

दिवाळीच्या सुट्टीत येणार असाल तर ऑक्टोबरभर इथे हॅलोविनची गर्दी असते, नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळची सजावट सुरू होते. मधला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा त्या मानाने हलका जातो, मात्र ३ नोव्हेंबरची राष्ट्रीय सुट्टी टाळा. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात चेरीचा बहर गाठायला येणारे खूप असतात. नेमकी तेव्हाच जपानी शाळा-कॉलेजांना सुट्टी असते आणि मुलामुलींचे थवेच्या थवे पार्कात येतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोनची, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाची सुट्टी आणि घामाघूम करणारा उकाडा एकदम येतो. वयस्क माणसांना घेऊन ऑगस्टमध्ये येऊच नका असं मी स्पष्ट सांगते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत गर्दी कमी असते, पण समुद्रावरचा वारा बोचरा असतो आणि बऱ्याच राइड्स दुरुस्तीसाठी बंद ठेवतात.

आठवड्यातला वार म्हणाल तर मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवार शक्यतो नको. १५ जून हा चिबा प्रांताचा दिवस आहे, त्या दिवशी तिथल्या शाळांना सुट्टी असते. साध्या वारी असला तरी तो दिवस गर्दीचाच.

तारीख पक्की करण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर कोणत्या राइड्स कधी बंद आहेत त्याची यादी जरूर बघा. डिस्नेलँडचं स्पेस माउंटन ३१ जुलै २०२४ ला शेवटचं चालवून नव्याने बांधण्यासाठी बंद केलं आणि ते २०२७ मध्ये उघडण्याचं जाहीर झालं आहे. मुलगा वर्षभर ज्या राइडची वाट बघत होता ती बंद आहे, हे गेटवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

डिस्नेलँड की डिस्नेसी?

एका तिकिटात एका दिवसात एकच पार्क. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे असं साध्या तिकिटावर जमत नाही. म्हणून ही निवड सगळ्यात महत्त्वाची.

मुलं सहा-सात वर्षांच्या आतली असतील तर डिस्नेलँड. किल्ला, मिरवणूक, मिकी-मिनी, बागेतल्या छोट्या गाड्या, म्हणजे डिस्ने म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते सगळं इथे आहे. ‘पूज हनी हंट’ ही राइड २००० साली सुरू झाली. मधाच्या मडक्यात बसायचं, आणि ते मडकं रुळांशिवाय आपलं आपण गिरक्या घेत पुढे जातं. २०२० मध्ये उघडलेली ‘ब्युटी अँड द बीस्ट’ची राइडही तशीच रुळांशिवाय चालते. मोठ्या कपासारख्या गाडीत बसलेले आपण गाण्याच्या तालावर डुलत राजवाड्यातून फिरतो. तिला उंचीची अट नाही, पोटात गोळा येत नाही. आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र बसू शकतील अशी इतकी देखणी राइड मी दुसरी पाहिलेली नाही.

घरात सगळे मोठे किंवा दहा-बारा वर्षांच्या पुढचे असतील तर डोळे मिटून डिस्नेसी. असं पार्क जगात दुसरीकडे कुठेही नाही. आत शिरल्यावर समोर इटलीतल्यासारखं बंदर, मागे प्रोमिथियस नावाचा ज्वालामुखी, पलीकडे जुन्या न्यूयॉर्कचा धक्का आणि त्याला लागलेलं भलंमोठं जहाज. इथे विभागांना बंदरं म्हणतात, आणि आता ती आठ आहेत. आठवं ‘फँटसी स्प्रिंग्ज’ ६ जून २०२४ रोजी उघडलं. त्यात फ्रोझन, रॅपुंझेल आणि पीटर पॅन यांच्या राइड्स आहेत. फ्रोझनवेड्या लहान मुली घरात असतील तर माझा वरचा नियम मोडा आणि डिस्नेसीलाच जा.

डिस्नेसीतल्या एका राइडबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक पाहुणे ती सोडून देतात. अरेबियन कोस्ट भागात ‘सिंदबादची सफर’ आहे. होडीत बसून सिंदबादबरोबर देशोदेशी जायचं. दोन्ही बाजूंना शेकडो बाहुल्या मान वळवतात, बोटं हलवतात, गातात. सिंदबादबरोबर वाघाचं एक पगडीवालं पिल्लू असतं, त्याचं नाव चंदू! मराठी मुलांना हे नाव कळलं की ती प्रत्येक वळणावर ‘चंदू कुठे आहे’ म्हणून शोधत बसतात. गाणी आणि संवाद जपानीत आहेत, पण गोष्ट न सांगता कळते. इथे रांगही बहुधा थोडीच असते. दुपारी पाय थकल्यावर गार हवेत दहा मिनिटं बसायला हिच्यासारखी जागा नाही.

तिकिटं

तिकीट तारखेचं असतं आणि दर दिवसागणिक बदलतो. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्यांचा दर ७,९०० ते १०,९०० येन, १२ ते १७ वर्षांच्या मुलांचा ६,६०० ते ९,००० आणि ४ ते ११ वर्षांच्यांचा ४,७०० ते ५,६०० असा ठेवला आहे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. काढताना त्या दिवसाचा दर साइटवर बघून घ्या. सगळ्यात महागड्या दिवशी आई, बाबा आणि आठ वर्षांचं मूल यांचे या दराने २७,४०० येन होतात; सगळ्यात स्वस्त दिवशी २०,५००. तारीख निवडताना हा फरकही लक्षात ठेवा.

विक्री दोन महिने आधी, जपानी वेळेनुसार दुपारी दोनला सुरू होते; भारतात तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. साध्या वारांची तिकिटं लगेच संपत नाहीत, सुट्टीच्या दिवसांची संपतात. गेटवर जाऊन काढू या भरवशावर राहू नका. अधिकृत साइटवर भारतीय कार्ड कधी कधी नाकारलं जातं. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केले आहेत ना, हे बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा, आणि तरीही जमलं नाही तर क्लूकसारख्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. मात्र अधिकृत साइटवरच्या तिकिटाची तारीख नंतर बदलता येते, बाहेरच्या तिकिटाचे नियम वेगळे असू शकतात. पैसे भरण्याआधी ते वाचा.

दिवस मोकळा नसेल तर संध्याकाळची स्वस्त तिकिटंही असतात: साध्या वारी पाच वाजल्यानंतरचं, सुट्टीच्या दिवशी तीन वाजल्यानंतरचं. पहिल्या भेटीला मी ती सुचवणार नाही. फक्त दिवे आणि रात्रीचा खेळ बघायचा असेल तर ठीक.

राहायचं कुठे, पोचायचं कसं

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कात इतरांच्या १५ मिनिटं आधी सोडतात. पंधरा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण सकाळी तेवढ्यात एक मोठी राइड पदरात पडते. ही हॉटेलं महाग आहेत. मोनोरेलच्या बेसाइड स्टेशनजवळची हॉटेलं, शिन-उरायासु किंवा आमच्या कासाईच्या बाजूची हॉटेलं स्वस्त पडतात. निशी-कासाईचा एक मोठा फायदा म्हणजे इथे भारतीय वस्ती दाट आहे. भारतीय किराणा आहे, इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. रात्री दमून आलेल्या आईबाबांना वरण-भात मिळाला की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चालायला तयार असतात. कासाई स्टेशनहून रिसॉर्टला थेट बसही आहे.

आगगाडीने यायचं तर जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या केइयो लाइनवरचं माइहामा स्टेशन. टोकियो स्टेशनपासून गाडीचा प्रवास पंधरा मिनिटांच्या आसपास, पण केइयो लाइनचा फलाट टोकियो स्टेशनात पार एका टोकाला, जमिनीखाली आहे. शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या बाजूने येत असाल तर सरकत्या पट्ट्यांवरून चालत जायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. बाबागाडी असेल तर आणखी. हा वेळ हिशेबात धरा. हानेदा आणि नारिता दोन्ही विमानतळांहून थेट रिसॉर्टपर्यंत बस आहे, सामान असेल तर तीच बरी.

फोनची तयारी

इथला दिवस फोनवर चालतो. ‘टोकियो डिस्ने रिसॉर्ट’चं ॲप भारतातूनच उतरवून घ्या, इंग्रजी भाषा निवडा, खातं उघडा, कार्ड जोडा. पार्कात पाय ठेवल्यावर हे करत बसलात तर पहिला अर्धा तास गेलाच.

ॲपमध्ये चार गोष्टी समजून घ्या. पहिली, रांगांच्या वेळा: कुठे किती मिनिटं थांबावं लागेल ते नकाशावर दिसतं. दुसरी, प्रीमियर ॲक्सेस: पैसे देऊन ठरलेल्या वेळी छोट्या रांगेने आत जायचं. माणशी, दर राइडला साधारण १,५०० ते २,५०० येन, आणि चार वर्षांच्या मुलालाही पूर्ण पैसे. तिसरी, प्रायॉरिटी पास: हे काही ठरावीक राइड्सना मोफत मिळतात. कोणत्या राइड्सना ते त्या काळात ॲपमध्येच बघायचं. चौथी, एंट्री रिक्वेस्ट: काही रंगमंचीय कार्यक्रमांसाठी सोडत निघते. एका कार्यक्रमाला दिवसातून एकदाच नशीब आजमावता येतं, पैसे लागत नाहीत, म्हणून आत गेल्यावर करून मोकळं व्हा.

हे सगळं पार्कात शिरल्यानंतरच सुरू होतं, आदल्या रात्री काही घेऊन ठेवता येत नाही. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनमध्ये एकत्र केलेली असतील तर एका दमात सगळ्यांचे पास निघतात. तेव्हा घरातला एक चलाख हात यासाठी नेमा आणि इतरांनी त्याला सूचना देऊ नयेत.

आता भारतीयांची खास अडचण. प्रीमियर ॲक्सेसचे पैसे भरताना भारतीय कार्डाचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. इंटरनेटसाठी जपानी ई-सिम घेतलं आणि भारतातलं सिम काढून घरी ठेवलं तर व्यवहार अडकला. ते सिम फोनमध्येच ठेवा, रोमिंगमध्ये एसएमएस येतोय याची खात्री करा. पॉवरबँक हवीच, संध्याकाळी चारपर्यंत बॅटरी धापा टाकायला लागते.

माणशी एक

निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: उद्या तुला काय झालंच पाहिजे? एकाला फ्रोझन, दुसऱ्याला टॉवर ऑफ टेरर, आजीला होडीतून फेरी, आजोबांना निवांत कॉफी आणि माणसं बघत बसणं. आजोबांची इच्छाही यादीत तितक्याच मानाने लिहा. चार-पाच जणांच्या या चार-पाच गोष्टी झाल्या की दिवस सार्थकी लागला, उरलेलं सगळं वरकड.

यादी झाली की उंचीच्या अटी तपासा. बिग थंडर माउंटन, टॉवर ऑफ टेरर, सोअरिंग आणि पीटर पॅन यांना १०२ सेंमी लागतात, स्प्लॅश माउंटनला ९०. इंडियाना जोन्स, रेजिंग स्पिरिट्स आणि ‘पृथ्वीच्या पोटातला प्रवास’ या तिन्हींना ११७. मोजमाप काटेकोर असतं, बूट उंच घालून किंवा विनवण्या करून चालत नाही. घरीच भिंतीला उभं करून मोजा, म्हणजे रांगेच्या तोंडाशी रडारड नको. एक मूल लहान पडत असेल तर रांगेत शिरण्याआधी कर्मचाऱ्यांना सांगा. एका पालकाने मुलाजवळ थांबायचं आणि नंतर अदलाबदल करायची, अशी सोय बऱ्याच राइड्सना आहे.

सकाळ

उघडण्याची वेळ बहुधा नऊ, पण गेटं पुष्कळदा त्याआधीच उघडतात, आणि जपानी मंडळी सात वाजल्यापासून शिस्तीत रांग लावून जमिनीवर बसलेली असतात. साध्या वारी आठच्या आत पोचा. आधी बॅगांची तपासणी, मग क्यूआर कोड दाखवून प्रवेश. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड आणू नका, ते चालत नाहीत.

डिस्नेसीचं उदाहरण घेऊन सांगते. आत शिरलात की चालता चालता, समोर डोंगर कितीही सुंदर दिसत असला तरी, पहिल्या दोन मिनिटांत फोनवाल्याने फ्रोझनचा प्रीमियर ॲक्सेस घ्यावा. बाकीच्यांनी तोवर सोअरिंगच्या रांगेकडे निघावं. ‘सोअरिंग’मध्ये आपण पंखांखाली लटकल्यासारखे जगभरच्या पर्वतांवरून, शहरांवरून उडतो, समोरून वारा आणि वासही येतो. दिवसभर तिची रांग लांबच राहते, म्हणून सकाळीच गाठायची. तिथून बाहेर पडेपर्यंत पुढचा पास काढायची वेळ झालेली असते. एक प्रीमियर ॲक्सेस घेतल्यावर साठ मिनिटांनी दुसरा घेता येतो. फँटसी स्प्रिंग्ज पार्काच्या अगदी मागच्या अंगाला आहे, चालत पंधरा मिनिटं धरा.

पैसे देऊन पास घ्यावे का, असं हमखास विचारतात. तिघांना दोन राइड्सचे साधारण १२,००० येन जातात. इतक्या लांबून, इतका खर्च करून आलात तर पहिल्या भेटीला दोन घ्याच, त्याहून जास्त नको. दोन-दोन तासांच्या दोन रांगा वाचल्या म्हणजे उन्हातले चार तास वाचले, आणि आजीच्या गुडघ्यांना त्याचं मोल मोठं आहे. गर्दी कमी असेल तर पैसे ठेवा खिशात.

रांगेचा एक नियम मनापासून पाळा. ‘तू जागा धर, आम्ही आलोच’ हे इथे चालत नाही. सगळ्यांनी एकत्रच रांगेत शिरायचं. मध्येच स्वच्छतागृहाला जायचं असेल तर कर्मचाऱ्याला सांगून जाता येतं.

दुपार आणि पोटाची सोय

शाकाहारी मंडळींनी हा भाग नीट वाचावा. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ते बहुधा सुकवलेल्या माशाचं असतं. भाजी दिसते, सूप निर्मळ दिसतं, पण आत मासा असतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर समोरच्याला मांस नको एवढंच कळतं. मासा, अंडं, जिलेटिन याबद्दल वेगळं विचारावं लागतं. ‘ओनिकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य पाठ करा किंवा जपानी लिपीत फोनवर साठवून दाखवा. अधिकृत साइटवर शाकाहारी पदार्थ मिळणाऱ्या उपाहारगृहांची माहिती असते. ती दर काही महिन्यांनी बदलते, म्हणून जाण्याच्या आठवड्यात बघा.

डिस्नेसीच्या अरेबियन कोस्टवर कासबा फूड कोर्टमध्ये करी आणि नान मिळतं. मांसाहारी घरांसाठी ही उत्तम जागा. शाकाहारींनी त्या दिवसाची करी कशात शिजवली आहे ते विचारूनच घ्यावी. त्याच भागात चंदूच्या शेपटीसारखा पट्टेरी पाव मिळतो. मुलं लगेच मागतात, पण त्यात चिकन असतं. पॉपकॉर्न मात्र जागोजागी, वेगवेगळ्या चवींचे. गळ्यात अडकवायच्या रंगीत बादल्या घेऊन फिरणारी माणसं दिसतील. बादली एकदा घेतली की पुन्हा भरून घेणं स्वस्त पडतं. करीच्या स्वादाचे पॉपकॉर्नही असतात, पण मसाल्यात काय आहे तेही विचारा.

घरचा डबा आत नेऊन खाता येत नाही. प्रवेशद्वाराबाहेर बसून खाण्यासाठी वेगळी जागा केली आहे. त्याच दिवशी बाहेर जाऊन परत आत येता येतं. बाहेर पडताना गेटवरच्या कर्मचाऱ्याला परत येणार असल्याचं सांगून काय करायचं ते विचारा. आमच्याकडून जाणारे शाकाहारी पाहुणे हाच मार्ग घेतात: मेथीच्या दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं, डबा लॉकरमध्ये, आणि दुपारी बारा-एकला बाहेर येऊन निवांत जेवण. तान्ह्या बाळाचं खाणं आत नेता येतं. कुणाला ॲलर्जी वगैरे असेल तर गेटवर आधी बोला. आत जेवायचं असेल तर साडेअकराच्या आत किंवा दोननंतर जेवा, आणि जिथे ॲपवरून आधी मागवता येतं तिथे सकाळीच मागवून ठेवा.

दुपारी दीड ते चार ही विश्रांतीची वेळ माना. राइड्सच्या मागे धावू नका. डिस्नेसीत आगबोटीतून एक फेरी मारा, मेडिटरेनियन हार्बरवरून बसा. अमेरिकन वॉटरफ्रंटवरून पोर्ट डिस्कव्हरीला जाणारी छोटी विजेची रेल्वेही आहे. दोन्हींत पायांना आराम आणि डोळ्यांना काम. मर्मेड लगून तर बहुतेक छताखाली, समुद्राच्या तळाशी असल्यासारखं गार आणि निळं आहे. पाऊस आला, ऊन तापलं किंवा चार वर्षांचं पोर कंटाळलं, की तिथे न्या. डिस्नेलँडमध्ये हेच काम ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’, मार्क ट्वेन बोट आणि वेस्टर्न रिव्हर रेल्वे करतात. ‘टर्टल टॉक’सारखे निव्वळ गप्पांवर चालणारे कार्यक्रम जपानीत असतात, भाषा येत नसेल तर सोडा.

भेटवस्तू याच वेळात घ्या. रात्री गेटाजवळच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. घेतलेलं सामान लॉकरमध्ये टाका. लॉकर पार्कात आणि बाहेरही आहेत.

मुलांच्या खिशात तुमचा चालू असलेला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. भूकंपाचा हलका धक्का बसला तरी राइड्स थांबवून तपासतात. अशा वेळी जागेवर थांबा, कर्मचारी सांगतील तसं करा. त्यांना याचा उत्तम सराव असतो.

संध्याकाळ

मिरवणूक किंवा पाण्यावरचा रात्रीचा खेळ बघायचा तर तासभर आधी जागा घ्या. इथे सगळे चटई पसरून बसतात, पुढच्या रांगांनी बसूनच बघायचं असतं. शंभर येनच्या दुकानातली प्लास्टिकची चटई आणा. डिस्नेलँडची दिव्यांची मिरवणूक ‘ड्रीमलाइट्स’ आणि डिस्नेसीच्या बंदरातला ‘बिलीव्ह’ हे दोन्ही पाहण्यासारखे आहेत, आणि त्यांनाही पैसे देऊन राखीव जागा मिळतात. वारा सुटला की आतषबाजी आणि पाण्यावरचे खेळ रद्द होतात, ऐन वेळीही. समुद्रकाठी हे वारंवार घडतं. मुलांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

खेळ रद्द झाला किंवा तुम्हाला त्यात रस नसेल, तर तोच वेळ राइड्ससाठी सगळ्यात चांगला. सगळे बंदराभोवती बसलेले असताना रांगा निम्म्यावर येतात. सकाळी राहिलेली एखादी मोठी राइड तेव्हा उरकते. पार्क बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलात तर बहुधा आत सोडतात.

बंद होताना सगळी गर्दी एकदम माइहामा स्टेशनवर लोटते. मुलं पेंगुळली असतील तर अर्धा तास आधी निघा, नाहीतर स्टेशनालगतच्या इक्सपियारी मॉलमध्ये काहीतरी खाऊन गर्दी ओसरू द्या. जोराचा वारा असेल त्या रात्री केइयो लाइन उशिरा धावते, कधी बंदही पडते. फोनवर गाड्यांची स्थिती बघूनच फलाटावर चढा, आणि गाडी नसेल तर कासाईची बस धरा. तिथून तोझाई मेट्रो लाइनने मध्य टोकियोत परतता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत कुठेही जायचं ठरवू नका. दिवसभरात पंधरा-वीस हजार पावलं सहज झालेली असतात, आणि आईच्या पायांना गरम पाण्याचा शेक लागणारच आहे.